पृथ्वी एक नग, जामीनदार एक

तीर्थस्वरूप ताईस,

बारक्याचा साष्टांग नमस्कार. (खरं सांगायचं तर इथं जागा बेताची आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली. उरलेली तीन समक्ष भेटीत टेकवीन.) तुझा गुडघा कसा आहे? तेल रोज लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? माझी तब्येत ठणठणीत आहे. दोन वेळचं जेवण वेळेवर मिळतं, जिना चढावा लागत नाही, आणि ज्या खोकल्यावर तू गेली चार वर्षं मला काढे पाजलेस तो इथं आल्यापासून आपोआप गेला, हे वाचून तुला राग येईल, पण लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. (म्हणजे नव्हता. पुढे वाच.)

पत्र लिहायचं कारण असं, की मी कोठडीत आहे हे तुला माझ्या दुकानाशेजारच्या न्हाव्याकडून एव्हाना कळलं असेल. तो मनुष्य मनाने चांगला, पण दाढी करता करता गोष्ट सांगतो आणि गिऱ्हाईक बदललं की गोष्टही थोडी बदलतो. त्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत येईतो मी एखादी पेढी फोडलेली असेन. तेव्हा मूळ प्रत माझ्याकडूनच घे. माझ्यावर आरोप आहे तो दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या घराचं कुलूप उघडून आत शिरल्याचा आणि एक वस्तू लांबवल्याचा. ती वस्तू कागदावर अशी लिहिली आहे: पृथ्वीचा गोल, लाकडी बैठकीसह, एक नग.

हसू नकोस. आपल्या भूगोलाच्या बाई तुला आठवतात ना? तुला दोन वर्षं होत्या, मला एकच, कारण सातवीनंतर मी शाळेला आणि शाळेने मला सोडलं. नकाशांच्या कपाटाची किल्ली हरवली होती आणि मी सायकलच्या तारेने ते उघडलं, तेव्हा मुख्याध्यापक छडी शोधत होते आणि बाई वही शोधत होत्या. त्यांनी वहीत रेघा आखल्या आणि म्हणाल्या, “आजपासून हे कपाट तुझं. पण जो कुणी उघडेल त्याने नाव आणि तारीख लिहायची. लपून उघडतो तो चोर, लिहून उघडतो तो कारागीर.” हा नियम मी पंचावन्न वर्षं पाळला. ज्याचं कुलूप उघडलं त्याला तेल दिलं, पुन्हा बसवलं, आणि कडीला सुतळीने चिठ्ठी बांधली: माझं नाव, तारीख, दुकानाचा पत्ता. ह्याच चिठ्ठीमुळे पोलिसांना माझा माग काढायला जेमतेम चहा गार होण्याएवढा वेळ लागला. फौजदार म्हणाले, इतकी वर्षं नोकरी झाली, पण पत्ता ठेवून जाणारी घरफोडी पहिलीच.

झालं असं. त्या मंगळवारी दुपारी बाई दुकानात आल्या. छत्री, पिशवी, पांढरीशुभ्र साडी, आणि मला बघताच, “बारक्या, अरे घराची किल्ली हरवली बघ.” नाव बरोबर, आवाज तोच. मी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो. चिंचोळी गल्ली, निळं फाटक, तीन पायऱ्या, तेच घर, जिथं मी लहानपणी नकाशे गुंडाळून पोचवायचो. कुलूप नवं होतं, दीड मिनिटात निघालं. बाईंनी मला बसवलं, चहा ठेवला, आणि साखरेसाठी पहिला डबा उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. “माझी साखर कुणी हलवली?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. तेव्हा मी पहिल्यांदा नीट इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर कुणा अनोळखी माणसांचा फोटो. दाराच्या चौकटीवर एका मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा. ताई, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बाईंनी ते घर अठरा वर्षांपूर्वी विकलंय, हे मला माहीत होतं. गावाला माहीत आहे. फक्त त्या दुपारी बाईंना माहीत नव्हतं, आणि त्यांच्यामागून चालताना मलाही आठवलं नाही, कारण बाई पुढे चालत असल्या की मी अजून बारा वर्षांचाच असतो.

सांगायला हवं होतं का? तू म्हणशील, हो. पण त्या खिडकीपाशी कप धरून अशा काही निवांत बसल्या होत्या, की मी बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला. मग कप विसळले, पालथे घातले, तोवर त्या आतल्या टेबलाशी काहीतरी चाळत होत्या. निघताना त्यांनी कोपऱ्यातला पृथ्वीचा गोल काखेत घेतला. मी विचारलं, “बाई, हा कशाला?” त्या म्हणाल्या, “उद्या वर्गात लागेल.” आता सांग, ज्या बाईंनी मला पृथ्वी गोल असल्याचं पहिल्यांदा सांगितलं, त्यांच्या काखेतून ती मी कशी काढून घेऊ? म्हटलं, उद्या सकाळी त्यांच्या लेकीला भेटू, गोल नेऊन देऊ, त्या घरी माफी मागू. दार लावलं, आणि हाताने सवयीने चिठ्ठी बांधली. बाईंना त्यांच्या लेकीच्या घरापर्यंत सोडलं. दोनच गल्ल्या पलीकडे आहे.

पण त्या घरच्यांची सकाळ माझ्या सकाळच्या आधी झाली. न्हावी धावत आला, की पोलीस तुझी चौकशी करतायत. मी आपणच चौकीत गेलो, विचारलं काय काम आहे, आणि बसल्या बसल्या त्यांच्या कपाटाचं कुलूप ढिलं आहे हेही सांगितलं. (हे सांगायला नको होतं, असं आता सगळ्यांचं मत आहे.) त्यांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून उघडलंस? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं नाव सांगायची आमच्या धंद्यात रीत नाही. गोल कुठे आहे? म्हटलं, सुखरूप आहे. त्यानंतर त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही.

तू कपाळावर हात मारलास ना? मार, पण कारण ऐक. महिनाभरापूर्वी बाईंची लेक दुकानात आली होती. बिचारी दिवसभर कामाला जाते, आई दुपारी एकटी असते, दोनदा वाट चुकली. तिला दाराला बाहेरून लावायचं कुलूप हवं होतं. सांगताना रडत होती. मी सांगितलं, तसलं कुलूप सध्या मिळत नाही. ताई, पाठीमागच्या फळीवर तसली सहा होती. मग मी बाईंचं नाव पोलिसांना सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्या दाराला कुलूप लागलंच असतं, दुसऱ्या कुणीतरी लावलं असतं. म्हणून मी गप्प बसलो. (हे पत्र माझ्या वकीलबाईंच्या पिशवीतून थेट तुझ्याकडे येतंय. वकिलाला सांगितलेलं त्यांच्यापाशी बंद राहतं, असा कायदाच आहे म्हणे. आमच्यापेक्षा चांगलं कुलूप. तूही हे वाचून डब्यात टाक.)

आता जामिनाचं. मी इथं बसून त्या विषयात बराच पुढे गेलोय. वकीलबाई सरकारी खर्चाने मिळाल्या आहेत, वयाने माझ्या नातीसारख्या, मला काका म्हणतात आणि मुख्याध्यापकांसारख्या रागावतात. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, की गुन्हे दोन जातीचे. काही जामीनपात्र: तिथं जामीन हा हक्कच, मागितला आणि जामीनदार दिला की सोडायलाच हवं. काही अजामीनपात्र, आणि माझा त्यातला. मला वाटलं अजामीनपात्र म्हणजे जन्मभर जामीन नाही. तसं नसतं गं. त्याचा अर्थ इतकाच, की तिथं हक्काने मागता येत नाही, विनंती करावी लागते, आणि द्यायचा की नाही हे न्यायाधीश विचार करून ठरवतात. आपल्या आईकडे खेळायला जाऊ का विचारायचो तसं. शाळेत जायला परवानगी लागायची नाही, नदीवर जायला लागायची, आणि आई आधी विचारायची, परत कधी येणार, बरोबर कोण, आणि मागच्या वेळी काय झालं होतं.

न्यायाधीशही हेच विचारतात, नुसते शब्द जड. हा सुटला तर पळून जाईल का? साक्षीदारांना धमकावेल का? पुरावा नाहीसा करेल का? पुन्हा तेच करेल का? गुन्हा किती गंभीर, आधी काही केलंय का? ह्यातल्या एखाद्याचं उत्तर ‘हो’ वाटलं, तर जामीन नाकारता येतो. खूनदरोड्यासारखं असेल तर फारच हात आखडता घेतात. म्हातारं, आजारी कुणी असेल तर तेही बघतात. मुख्य गोष्ट अशी की गुन्हा शाबित होईपर्यंत मनुष्य गुन्हेगार नसतो, तेव्हा त्याला आत ठेवायचं तर कारण लागतं, शिक्षा म्हणून ठेवायचं नसतं. हे मला फार आवडलं. अटक व्हायच्या आधीच जामीन मागायचीही सोय आहे, पण ती, चौकीत स्वतः जाऊन त्यांच्या कुलपावर मत देणाऱ्यांसाठी नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. आणि पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत आरोपपत्रच दिलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. मी म्हटलं, मग थांबूया की. त्या म्हणाल्या, “काका, ते दोन-तीन महिने आहेत, दोन-तीन चहा नाहीत.”

पहिल्या अर्जाच्या वेळी जे झालं ते मात्र माझ्या तोंडामुळे. सरकारी वकील उभे राहिले आणि साहेबांना म्हणाले, हा मनुष्य गावातलं कोणतंही कुलूप उघडू शकतो. ताई, पंचावन्न वर्षांत भर सभेत कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं. मी हात जोडले आणि प्रामाणिकपणे म्हटलं, “दोन सोडून, साहेब.” वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी विचारलं, कोणती दोन? म्हटलं, एक तुमच्याच दप्तरखान्याचं, पण ते मजबूत म्हणून नव्हे, गंजलंय म्हणून. आणि दुसरं आमच्या ताईच्या दाराचं. सगळे हसले, साहेबही हसले, आणि हसत हसत अर्ज फेटाळला. कारणं लिहिली ती अशी: मुद्देमाल मिळालेला नाही, आरोपी साथीदाराचं नाव सांगत नाही, बाहेर गेल्यास पुरावा नाहीसा करण्याची शक्यता. वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या की गप्प राहणं हा तर आरोपीचा हक्क आहे, “पण काका, तुम्ही जिथं गप्प राहायचं तिथं बोलता आणि जिथं बोलायचं तिथं गप्प.” मी म्हटलं, आमची ताई हेच म्हणते.

मग वरच्या कोर्टात अर्ज केला, आणि तिथं मला वाचवलं ते वाऱ्याने. त्या घरची मुलगी सहावीत आहे. तिचा जगाचा नकाशा टेबलावर होता, घरचा अभ्यास, त्यावर व्यापारी वाऱ्यांचे बाण काढलेले. घरच्यांना दोन दिवसांनी दिसलं, की चोराने सगळे बाण लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेत, खाली लिहिलंय, ‘वारा उलटा वाहत नाही. पुन्हा काढ,’ आणि दहापैकी सहा गुण दिलेत. मुलीची आई तो नकाशा घेऊन आपण होऊन कोर्टात आली. शांतपणे म्हणाली, आमचे कप विसळून ठेवले होते, दाराचं कुलूप महिनाभर अडकत होतं ते आता एका बोटाने फिरतं, आणि ह्या काकांची मला भीती वाटत नाही. मॅडमनी (वरच्या कोर्टात मॅडम आहेत) नकाशा बराच वेळ पाहिला. मग सरकारी वकिलांना विचारलं, “बाण आता बरोबर आहेत का हो?” ते म्हणाले, बघून सांगतो. मॅडम म्हणाल्या, हे अक्षर आरोपीचं नाही हे उघड आहे, दुसऱ्या व्यक्तीचा तपास पोलिसांनी खुशाल करावा, पण त्यासाठी अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आत ठेवायची गरज दिसत नाही. जो चिठ्ठीवर आपला पत्ता लिहून जातो, तो पळून जाईल कुठे?

तर असा जामीन मंजूर झाला. गुरुवारीच. अटी घातल्यात: दर सोमवारी चौकीत हजेरी, गाव सोडायचं नाही, त्या घरच्यांशी बोलायचं नाही, मुद्देमालाला हात लावायचा नाही, आणि खटला संपेपर्यंत हत्यारांची पेटी पोलिसांकडे. अट मोडली तर जामीन रद्द. पेटीचं थोडं लागलं मनाला. तिच्यात बाबांनी दिलेली चिमटी आहे. आणि त्या माउलीला ‘आभारी आहे’ म्हणायचीही सोय नाही ह्याचं त्याहून जास्त लागलं. तिने घर बाईंकडूनच घेतलंय. मला वाटतं तिने अक्षर ओळखलं. बाहेर ती वकीलबाईंना एवढंच म्हणाली, की आमच्या मुलीला आता नवा गोल घेऊन देणार आहोत, जुना कुठे असेल तिथं असू दे.

सगळं छान झालं म्हणायचं. तू काळजी करू नकोस, गुडघा सांभाळ, आणि मला भेटायला मुळीच येऊ नकोस, इथला बाक फार बुटका आहे, तुला उठता यायचं नाही. कळावे, लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या

ता. क. गुरुवारी जामीन मंजूर झाला तर शनिवारी तू आतून पत्र कसा लिहितोस, असं तू विचारशील म्हणून सांगतो. एक बारीकसा कागद राहिलाय. जामीन म्हणजे नुसता हुकूम नाही. कुणीतरी उभं राहून लिहून द्यावं लागतं, की हा मनुष्य प्रत्येक तारखेला येईल, आणि नाही आला तर ही ही रक्कम मी भरीन. आधी काही भरायचं नाही. न्हावी आपण होऊन आला होता, पण त्याचं दुकान भाड्याचं, आणि स्वतःचं घर असलेला, घरपट्टीची पावती घेऊन कोर्टात येणारा माणूस लागतो. वकीलबाई म्हणतात, माझ्या एकट्याच्या सहीवर सोडा असा अर्ज करता येईल, पण वेळ लागेल. मला घाई नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या दारामागे तेलरंगात काय लिहिलंय ते मला पाठ आहे. ‘ह्या घरातील कोणीही कोणास जामीन राहणार नाही.’ तू चौदा वर्षांची असताना लिहिलंस, ज्या दिवशी बाबांचा तो दोस्त तारखेला आला नाही त्या दिवशी. पुढची तीन वर्षं बाबा कोर्टात खेटे घालत राहिले. तुझी शाळा त्यातच सुटली, हे मी विसरलेलो नाही. म्हणून मी हे मागत नाहीये. फक्त आठवण म्हणून सांगतो, की बाबांना मी एकदा विचारलं होतं, पुन्हा राहाल का कुणाला जामीन? ते चिमटी पुसत होते. म्हणाले, “माणूस बघून.”

ता. क. तिसरा, आणि हे मात्र मागतोय. रोज दुपारी दोन ते पाच बाईंकडे जाऊन बसशील का? त्या पुन्हा निघाल्या आणि दुकान बंद दिसलं, तर दुसऱ्या कुणा कुलूपवाल्याला घेऊन जातील, आणि तो कप विसळणार नाही. शिवाय दुपारी कुणी सोबत असेल तर लेकीला बाहेरून कुलूप लावावं लागणार नाही. तू तिला भेटून ते ठरव. बाईंना काही समजावत बसू नकोस. त्या शिकवतील ते शिक. त्यांना तुझं नाव नक्की आठवेल, तू पहिली यायचीस. गोल टेबलावर दिसेल, पण त्याला हात लावू नकोस, धूळ पुसायलासुद्धा नाही, तो मुद्देमाल आहे. हे मागणं अटींत बसतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं, तेव्हा त्यांना एकदम कमी ऐकू यायला लागलं आणि त्यांनी मला आणखी एक कोरा कागद दिला.

ता. क. शेवटचा, त्याच कोऱ्या कागदावर. वकीलबाई म्हणतात, जामीनदाराला आरोपीबद्दल सगळं खरं माहीत असावं. (तू जामीनदार नाहीस, तरी सांगतो.) तुझ्या दाराचं कुलूप मला उघडता येत नाही, हे मी कोर्टात खोटं बोललो. बावीस वर्षं, दर दोन महिन्यांनी, तू बाजारात गेलीस की मी येतो, ते उघडतो, आतून साफ करतो, तेल घालतो आणि पुन्हा लावून जातो. तू सगळ्यांना सांगतेस ना, जुनं कुलूप आहे म्हणून इतकं सुरेख फिरतं? सांगत राहा. बाईंचा नियम मी तेवढ्या एकाच दाराशी मोडला, चिठ्ठी कधी बांधली नाही. ह्या महिन्यात तेल घालायचं राहून गेलंय. सोमवारी अकरा वाजता निघताना किल्ली जरा अडकली तर जोर लावू नकोस, किंचित वर उचलून डावीकडे फिरव. आणि घरपट्टीची पावती घ्यायला विसरू नकोस.